ज्याला मासा दिसतो, त्यानं बोलायचं

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. मी मासे विकत नाही.

ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानात ओळखीचं कुणी भेटलं, की हमखास एक बाई दुसरीला सांगते, "या आमच्या सुनंदाताई, मासे पकडायला शिकवतात." आणि दुसरी लगेच, "अय्या! किलोला कसे देता?" अहो, न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकायलाच कायद्यानं बंदी आहे. दुकानात मिळत नाही, फिश मार्केटात मिळत नाही. खायचा असेल तर लायसन काढा आणि स्वतः पकडा, नाहीतर पकडणाऱ्याशी गोड बोला. एवढं सांगितलं की त्या बाईंचा माझ्यातला रस संपतो आणि त्या काजूकतलीकडे वळतात.

तर मी गाइड होते. नदीवर लोकांना घेऊन जायचं, मासा कुठं आहे ते दाखवायचं, गळाला कुठली माशी लावायची ते ठरवायचं आणि ती पाण्यात कशी सोडायची ते शिकवायचं. माशी म्हणजे खरी नव्हे. बारीक गळावर पिसं आणि धागा गुंडाळून केलेली नकली. गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून यंदा वेडर्स खुंटीला टांगले. वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी विजार, ती घालून कुणीही बाई सुंदर दिसत नाही. मला मात्र त्यात लग्नातल्या शालूपेक्षा जास्त सुख लागलं.

मूळची मी सोलापूरची. आमचे हे वीजकेंद्रात नोकरीला लागले म्हणून ऑकलंडपासून तीन तासांवर, धरणाच्या पायथ्याशी वसलेल्या गावात आलो. गाव म्हणजे एक पब, एक डेअरी आणि एक मासेमारीच्या सामानाचं दुकान. इथं डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, दूध काढत नाहीत. सामानाचं दुकान बार्बरा नावाच्या म्हातारीचं. तिची नजर अधू झाली होती आणि माशा बांधायला माणूस हवं होतं. माझ्या माहेरी घरात माग होता. तुटलेला धागा सांधायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. तांदळाच्या कणीएवढ्या गळावर मोराच्या पिसाचा एक केस गुंडाळणं मला काय अवघड? पहिल्याच दिवशी मी मूठभर माशा बांधून दिल्या. बार्बरा त्या डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "तुझं काम कोण खातं, ते बघायला नको का तुला?" दुसऱ्या दिवशी तिनं मला पाण्यात उतरवलं. मी नंतर बाहेर आलेच नाही म्हणा.

नवीन गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं, हसायचं, "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करायचं आणि मग माझ्या खांद्यावरून मागं बघायचं. गाइड कुठाय? नऊवारी नसली तरी कुंकू लावलेली बुटकी बाई म्हणजेच गाइड, हे पचायला त्यांना पहिला मासा लागेपर्यंत वेळ लागायचा. मला गंमत वाटायची. खरं सांगू, थोडा रागही यायचा.

आता धरणाखालची नदी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. साधी नदी पावसानं फुगते, उन्हानं आटते. आमची नदी वीज लागेल तशी चालते. ऑकलंडकरांनी हीटर लावले की धरणातून पाणी सुटतं आणि नदी वर चढते. लोकांना वाटायचं, माझा नवराच मला हवं तेव्हा पाणी सोडतो. अहो, तो माणूस घरात लोणच्याची बरणी उघडून देत नाही, पाणी काय सोडतोय! पण एक आहे, धरणाचं पाणी गार, स्वच्छ आणि बारा महिने जवळपास सारखं असतं. त्यामुळे त्यात चिलटांच्या अळ्या, बारीक किडे, गोगलगायी अमाप. मासा जागच्या जागी तोंड उघडून पोट भरतो. त्याला घाई नाही. असा खाऊनपिऊन सुखी मासा फार नखरेल होतो.

म्हणून इथं माशी निवडायची ती बारीक. नदीत उतरल्यावर मी आधी दगड उलटायचे आणि खाली काय वळवळतंय ते बघायचे. काळं असेल तर काळं, हिरवट असेल तर हिरवट. पण लोक माशीच्या निवडीवर जितकं डोकं शिणवतात, तितकं ते महत्त्वाचं नाही हो. महत्त्वाचं आहे ती कशी वाहत येते ते. खरी अळी पाण्याबरोबर येते, पाण्याच्याच वेगानं. तुमची माशी दोराला बांधलेली. दोर पडला वेगवान पाण्यात आणि मासा उभा संथ पाण्यात, की दोर माशीला ओढतो. ती ओढ आपल्याला दिसतसुद्धा नाही. माशाला दिसते. तो हलतही नाही, नुसता बघतो आणि तुमच्याविषयीचं मत कायमचं बनवून टाकतो.

पुण्याहून आलेला एक आयटीवाला मुलगा मोबाइलमध्ये ॲप घेऊन आला होता. पाण्याचं तापमान, वाऱ्याची दिशा टाकली की ॲप माशीचं नाव सांगायचं. सकाळभर त्यानं इतक्या माशा बदलल्या, की त्याच्या टोपीला टोचलेल्या माशा बघून खऱ्या माशा घोंघावत आल्या. शेवटी मी म्हटलं, "बाळा, माशी राहू दे, तू तुझे पाय बदल. दोन पावलं वर जाऊन टाक." दोन पावलं वर गेला आणि पहिल्याच फेकीला मासा. त्यानं मला विचारलं, "काकू, याचं लॉजिक काय?" म्हटलं, "पाय."

माशी तरंगायला लावायचं तेलकट मलम एकदा घरी राहिलं. गिऱ्हाईक ठाण्याच्या बाई. त्यांनी पर्समधून खोबरेल तेलाची बाटली काढली. थंडीनं तेल दगड झालेलं. काडीनं उकरून बोटावर चोळलं आणि माशीला लावलं, माशी दिवसभर बुडाली नाही. तेव्हापासून मी सामानात खोबरेल ठेवायला लागले. माझ्या गोऱ्या गिऱ्हाइकांना त्या वासाचा मोठा आदर वाटायचा, त्यांना ते काहीतरी गुप्त औषध वाटत असावं.

आणि ते ऑकलंडच्या मनुरेवाचे मामा! धरणातून पाणी सुटायच्या आधी भोंगा होतो. भोंगा झाला की निमूटपणे काठावर यायचं, हे मी सकाळीच सगळ्यांकडून घोकून घ्यायचे. हे मामा मुंबईच्या गिरणीत आयुष्य काढलेले, मुलाकडे राहायला आलेले. नदीच्या मधोमध वाळूच्या बेटावर उभे होते. भोंगा झाला. मी काठावरून ओरडतेय, हात हलवतेय, आणि मामा शांतपणे खाली बसले, पिशवीतून डबा काढला आणि पोळीचा तुकडा मोडला. भोंगा झाला म्हणजे जेवणाची सुट्टी! मी तशीच पाण्यातून गेले, त्यांच्या बखोटीला धरलं आणि ओढत आणलं. काठाला लागलो तेव्हा बेट दिसेनासं झालं होतं. मामा म्हणाले, "अहो, भाजी राहिली तिकडं." त्या दिवशी मी एका सभ्य वयस्कर माणसाला जे बोलले, ते दिवाळी अंकात छापता यायचं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते परबांचं.

मयूरी नावाची मुलगी ऑकलंडच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ओळखीची झाली होती. मालवणची. ऑकलंडमध्येच माउंट रॉस्किलला भाड्याच्या घरात नवऱ्याबरोबर, निखिलबरोबर राहायची. एका बुधवारी तिचा फोन आला. "मावशी, शुक्रवारी माझ्या बाबांना आणि निखिलला नदीवर न्याल?"

म्हटलं, "नेते की. तू पण ये."

"मला आठवा संपत आलाय, मी कुठे येते!" आणि ती एकदम रडायलाच लागली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मयूरीची आई दोन वर्षांपूर्वी गेली. सासूबाईंचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं, त्या पुण्याहून हलू शकत नव्हत्या. म्हणून बाळंतपणाला बाबा, म्हणजे परब, आले. एकटे. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, कधी मालवणबाहेर न राहिलेला, मुलीसाठी मेथीचे लाडू करायला शिकून आला होता. पहिले काही आठवडे छान गेले. मग एकदा परबांना बांगडे मिळाले. भरपूर. एवढ्या बांगड्यांचं मालवणी माणूस काय करतो? मीठ लावून सुकवतो. अंगणात कपडे वाळत घालायची ती छत्रीसारखी गोल फिरणारी दोरी असते ना, तिच्यावर परबांनी बांगडे ओळीनं टांगले. बांगड्यांच्या मध्ये मध्ये निखिलचे ऑफिसचे शर्ट.

निखिल पुण्याचा. त्याच्या घरी अंडंसुद्धा शिजत नसे. तो त्यातलाच एक शर्ट घालून मोठ्या मीटिंगला गेला. मीटिंगमधल्या एका बाईंनी उठून खिडकी उघडली. तो घरी आला आणि सासऱ्याला म्हणाला, "हे घर आहे की मासळी बाजार?"

परबांनी सगळे बांगडे काढले, कचऱ्यात टाकले आणि परतीचं तिकीट काढलं. त्यानंतर तीन आठवडे दोघांत एक शब्द नाही.

"रविवारी दुपारचं विमान आहे, मावशी," मयूरी म्हणाली. "मी खूप समजावलं. बाबा म्हणतात, जिथं माझ्या अन्नाला नावं ठेवतात तिथं राहत नाही. निखिल म्हणतो, मी काय चूक बोललो. मासा नाही मिळाला तरी चालेल हो. दोघांना बोलतं करा. मला बाळंतपणाला कुणीच नसेल."

मी म्हटलं, "अगं, मी गाइड आहे, मध्यस्थ नाही." पण फोन ठेवल्यावर मला चहा गोड लागेना. मलाही मुलगा याच देशात झाला. तेव्हा माझी आई येऊ शकली नव्हती. त्या दिवसांत एकटं असणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

शुक्रवारी सकाळी गाडी आली. मे महिन्याचा शेवट, म्हणजे इथली थंडी सुरू झालेली, काठावरचं गवत दवानं पांढरं. निखिल उतरला, उंच, चष्मा, नवं कोरं जाकीट. मागच्या दारानं परब उतरले, बारीक, काटक, पांढराशुभ्र शर्ट आणि पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. तीन तासांत दोघं काय बोलले, म्हणून मी निखिलला हळूच विचारलं. तो म्हणाला, "जीपीएस बोलत होतं."

पांढरा शर्ट बघितला की मासे पळतात. मी परबांना आमच्या ह्यांचा शेवाळी स्वेटर दिला. ते निखिलकडे न बघता मला म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, मी त्यांच्या जन्माआधीपासून गळ टाकतोय. मला कपडे बदलून मासा मिळालेला नाही."

निखिल माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, त्यांना सांगा, मी काही बोललेलोच नाही."

म्हटलं, झालं! आज दिवसभर हेच.

मी नकली माशांची डबी उघडली. परबांनी चष्मा कपाळावर सारून आत बघितलं. "ह्या काय? ह्येका मासो गावतलो?" आमच्याकडे कोळंबी लावतात, गांडूळ लावतात, असं ते मला सांगत राहिले. मग हळूच एक माशी बोटावर घेऊन म्हणाले, "पण काम सुरेख आहे हो." तिथं मला तो माणूस आवडला.

नदीचा एक उथळ पाट ओलांडून पलीकडे जायचं होतं. नदी ओलांडायची इथली रीत म्हणजे दोघांनी एकमेकांच्या कमरेचा पट्टा घट्ट धरायचा आणि एका तालात पावलं टाकायची. एकाचा पाय घसरला तर दुसरा सावरतो. मी दोघांना तसे पट्टे धरायला लावले. ते दोघं गेले पलीकडे, एकमेकांच्या कमरेला मिठी मारून, एकाचं तोंड धरणाकडे, दुसऱ्याचं समुद्राकडे. मी मागून हसू दाबत चालले होते.

आमच्या पाण्यात मासा आंधळेपणानं शोधत नाहीत. पाणी काचेसारखं, पण खाली उभं राहिलं की उजेड चमकतो आणि काही दिसत नाही. म्हणून एकानं उंच काठावर उभं राहायचं आणि मासा बघायचा. दुसऱ्यानं खाली पाण्यात उभं राहून तो सांगेल तिथं माशी टाकायची. नियम एकच. ज्याला मासा दिसतो, त्यानं बोलायचं. ज्याला दिसत नाही, त्यानं ऐकायचं.

पहिल्यांदा वर मी उभी राहिले. परब खाली. परबांचा हात खरंच छान होता, दोर असा अलगद टाकायचे की पाण्यावर रेघ उठत नव्हती. मासा आला, माशी तोंडात घेतली, मी म्हटलं "उचला!" आणि परबांनी असा हिसडा मारला की केसाएवढा बारीक धागा तटकन तुटला. दुसऱ्या माशालाही तेच. "मालवणात असो झटको दिलो नाय तर मासो हसता," ते म्हणाले. म्हटलं, "इथं झटका दिला की हसतो." निखिलला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं.

मग मी गुडघा धरून खाली बसले. गुडघा दुखत होता हे खरंच आहे, पण त्या वेळी मी तो जरा जास्त दुखवला. "निखिल, आता तू वर उभा राहा. मला जमत नाही."

निखिल सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारा. त्यानं पाच मिनिटांत मासा शोधला. मोठा. बुडालेल्या ओंडक्याच्या पुढं उभा. तो मला म्हणाला, "मॅडम, त्यांना सांगा, दीड मीटर पुढे आणि साठ सेंटिमीटर डावीकडे."

मी खाली सांगितलं. परब म्हणाले, "त्यांना विचारा, डावीकडे म्हणजे माझ्या की त्यांच्या?"

मी वर विचारलं. तोवर मासा सरकला होता. पुन्हा वरून निरोप, पुन्हा खालून प्रश्न. असं चार-पाच वेळा झालं. मासा काय निरोपाची वाट बघत थांबतो? माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"पुरे!" मी म्हटलं. "मी काय पोस्टमन आहे? गाडी ती समोरच्या काठावर आहे, मी चहा करायला चालले. परत येईपर्यंत तुमच्यापैकी एकाला कंठ फुटला नाही, तर चहा मी एकटी पिणार." आणि खरंच गेले. परब उभे होते तिथं पाणी जेमतेम गुडघ्याएवढं होतं आणि मला गाडीपासून दोघंही दिसत होते.

स्टोव्ह पेटवला, आलं ठेचलं. मागं नुसता नदीचा आवाज. चहाला उकळी आली तरी शांतता. मी मनात मयूरीला म्हटलं, माफ कर गं बाई. आणि तेवढ्यात निखिलचा आवाज आला, मोठ्यानं आणि घाईघाईनं. "आत्ता! दीड मीटर पुढे!"

परब उसळले. "मीटर-बिटर माका कळणा नाय! हात सांगा, हात!"

"हात म्हणजे?"

"हात म्हणजे हात! ह्यो!" परबांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात उंच करून दाखवला.

निखिलनं वर आपला हात कोपरापासून बोटांपर्यंत बघितला. मग म्हणाला, "तीन हात पुढे. एक हात डावीकडे. तुमच्या डावीकडे."

मी चहा कपात ओतला आणि मुद्दाम तिथंच उभी राहिले.

मी परत गेले तेव्हा दोघांचीही माझ्याकडे बघायची तयारी नव्हती. भांडण चाललं होतं, पण आता सरळ समोरासमोर. मासा माशी घेत नव्हता. "बरोबर टाकलंय मी," परब. "टाकलंय बरोबर, पण तो घेत नाही त्याला मी काय करू," निखिल. मी डबीतली दुसरी माशी काढायला लागले, तेवढ्यात निखिल वरून म्हणाला, "मावशी, एक मिनिट." मॅडमची मावशी केव्हा झाली, कुणास ठाऊक. "तो खाली खातच नाहीये. आपली माशी तळानं जाते. तो दर वेळी वर येतो, तोंड उघडतो, आतलं पांढरं दिसतं, आणि परत खाली जातो. पण पाण्याच्या वर तोंड काढत नाही."

मी कपाळावर हात मारला. चिलटाची अळी मोठी झाली की तळातून वर पोहत येते आणि पृष्ठभागाखाली अडकते, तिथं तिला पंख फुटतात. तेवढा वेळ ती अगदी असहाय असते. मासा तिथंच तिला गाठतो. मी सकाळपासून जड माशी तळाशी पाठवत होते. मुलगा पहिल्यांदा नदीवर आलेला आणि त्याला दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मी वर नव्हतेच. मी जड मणी असलेली माशी कापून टाकली आणि काळी, हलकी, पांढऱ्या धाग्याचे इवले पंख असलेली बांधली.

परबांनी ती टाकली. दोर पडला वेगवान पाण्यात आणि वरून निखिल ओरडला, "ओढ येतेय!" परबांनी मनगट फिरवून दोर उचलून मागं टाकला, माशीला न हलवता. ही गोष्ट लोकांना शिकवायला मला अख्खा दिवस लागतो. पुन्हा फेकलं. "दोन हात... सोडा... येतोय... येतोय तो... थांबा... उचला! हळू! नुसता रॉड उभा करा!"

आणि परबांनी नुसता रॉड उभा केला.

रॉड वाकला, रीळ किंचाळलं. पुढचा गोंधळ काय वर्णन करायचा! परब पाण्यातून मागं पुढं नाचतायत, निखिल काठावरून "ओंडक्याकडे जाऊ देऊ नका!" म्हणून ओरडतोय, परब "माका शिकवू नको!" म्हणतायत आणि तो सांगेल तेच करतायत. मासा जवळ आला तशी मी निखिलच्या हातात जाळी दिली. तो काठावरून उतरला, पाय घसरला आणि बसकण मारून गळ्यापर्यंत पाण्यात. मेमधलं पाणी, जीव थरथरेल असं. परबांनी रॉड काखेत दाबला, दुसऱ्या हातानं त्याची कॉलर पकडली. "अरे, ऊठ! ऊठ आधी! मासो मरांदे!"

मासा मेला नाही, सुटलाही नाही. कसा टिकला ते त्यालाच माहीत. निखिल कुडकुडत उभा राहिला आणि जाळी खाली घातली.

देखणी मादी होती. कडेला गुलाबी पट्टा आणि पोट टम्म फुगलेलं. हिवाळ्याच्या तोंडाला त्या अंडी घालायला वरच्या ओढ्यांकडे निघतात. परबांनी पोटाखाली हात घातला मात्र, त्यांचे डोळे लकाकले. "गाबोळी!" मालवणी माणसाला गाबोळी म्हणजे काय, ते सांगायला नको. तीन आठवडे माणूस मुलीकडे वरणभातावर होता, आणि हातात अंड्यांनी भरलेला मासा!

मी सगळ्यांना विचारायचे तसं विचारलं, "ठेवायचा की सोडायचा? कायद्यानं ठेवता येतो."

निखिल दातावर दात आपटत म्हणाला, "ठेवा ना. घरी नेऊ. घरी करा. मी त्या दिवशी बोलायला नको होतं. शर्टाचं काय, धुता आला असता."

 परबांचा हात अजून माशाच्या पोटाखाली होता. माशाचे कल्ले जोरानं उघडमिट करत होते, भरलेलं पोट हातावर टेकलं होतं. त्यांनी वाकून ते बघितलं. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर दुसरीकडे वळवली.

"सोड, रे बाबा," ते म्हणाले. "पोटुशी आसा. खंय जातली ती अशी."

निखिलनं जाळी खाली केली. माशाचं तोंड प्रवाहाकडे करून धरायचं असतं, त्याला दम येईपर्यंत. निखिलला ते येत नव्हतं, त्याचे हात गारठले होते. परबांनी त्याच्या हाताखाली हात धरला. मासा एकदा हलला, शेपटी मारली आणि गेला.

परब तसेच वाकून उभे राहिले. "आई नाही तिला," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "आणि मी बांगड्यांवरून निघालो होतो. काय ही अक्कल माझी, बाई!" आणि हुंदका आला तो त्यांनी आवरला नाही. निखिलनं ओल्याच हातानं त्यांचा खांदा धरला. मग तो म्हणाला, "रविवारी जाऊ नका, बाबा. मला काही येत नाही. मला भीती वाटते हो."

"भीती कसली? मी असतंय ना," परब म्हणाले.

मी निखिलला गाडीत कोंबलं, कपडे बदलायला लावले, दोघांना चहा पाजला. नदीवर फोनला रेंज नसते, वर रस्त्यावर यावं लागतं. चढ चढलो तसा परबांनी निखिलचा फोन मागितला आणि स्वतः मयूरीला लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. परब एवढंच म्हणाले, "मी जाणा नाय. तुझ्या घोवाक सांगितलंय तिकीट रद्द करूक." मग फोन दुसऱ्या कानाला लावून म्हणाले,

"अगो, रडतंस कित्याक? मासो सोडलंय म्हणान?"